चिंतन सापडलं ता. क. मध्ये

या वेळचं पत्र, थोडं कापून :

नमस्कार ताई,

मी सांगली जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत १४ वर्षं विज्ञान शिकवलं. मिस्टरांची बदली पुण्याला झाली, मुलगी अकरावीला इकडे आली आणि मी नोकरी सोडली. आता इन्स्ट्रक्शनल डिझाइनचा (म्हणजे प्रशिक्षणाचे धडे आखण्याच्या कामाचा) वर्षभराचा ऑनलाइन पदविका अभ्यासक्रम करतेय. चौघांची टीम आहे : मी, नाशिकच्या एक सिस्टर (नर्सिंग कॉलेजात शिकवतात), नागपूरचा एक इंजिनिअर मुलगा आणि बंगळुरूचे एक सर. नवजात बाळाच्या गृहभेटींवर आशाताईंसाठी मोबाइलवरचा धडा करायचा, असा प्रकल्प आहे. १२ आठवड्यांचा. सध्या पाचवा चालू आहे.

काम आवडतंय. छळ आहे तो दर रविवारी रात्री १२ च्या आत द्यायच्या 'साप्ताहिक चिंतना'चा. ३०० शब्द. टीमची आठवड्याची प्रगती आणि त्यातून मी काय शिकले. ते चौघांनाही दिसतं. माझ्या चौथ्या आठवड्याच्या चिंतनाचा गाभा असा होता : 'या आठवड्यात आम्ही स्टोरीबोर्डचे (धड्याच्या स्क्रीनवार कच्च्या आराखड्याचे) १८ स्क्रीन पूर्ण केले. टीममध्ये उत्तम समन्वय होता. काही तांत्रिक अडचणी आल्या, पण त्यांवर मात केली. वेळेचं नियोजन अजून सुधारायला हवं. संवाद किती महत्त्वाचा असतो हे शिकायला मिळालं.' शिकवणाऱ्या मॅडमनी खाली लिहिलं, 'हे हजेरीपत्रक झालं. चिंतन कुठे आहे?' इतकी वर्षं मी मुलांच्या वह्यांवर शेरे मारले, आता पाळी माझी.

बंगळुरूचे सर तीन आठवडे ग्रुपवर फक्त अंगठा टाकतात. त्यांच्या वाट्याचे ६ स्क्रीन शेवटी मीच रात्री जागून केले. त्यांना वाईट वाटू नये म्हणून कुणाला सांगितलं नाही. हे लिहू का? लिहिलं तर चहाडी, नाही लिहिलं तर खोटं. आणि ज्या आठवड्यात काहीच घडलं नाही तेव्हा काय लिहायचं? खरं सांगा, हे सगळं नाटक आहे का?

— रविवारची धास्ती, पुणे

ता. क. : गेल्या गुरुवारी सिस्टरांनी ओळखीच्या दोन आशाताईंना श्वास मोजण्याचा भाग फोनवर करून पाहायला दिला. दोघींनी १५ सेकंद मोजून चारने गुणलं, उत्तर बरोबर आलं, पुढे गेल्या. धडा आवडला म्हणाल्या. नागपूरच्या मुलाने बाळाचं अ‍ॅनिमेशन १५ सेकंदांचंच ठेवलंय, तेच फिरत राहतं, फाइल हलकी व्हावी म्हणून. तेवढी एक चांगली बातमी.

* * *

धास्तीताई,

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. हो, पुष्कळदा नाटक असतं. कॉलेजात असतं, कंपनीत तर त्याला नेपथ्य आणि प्रकाशयोजनाही असते. पण शाळेत १४ वर्षं काढलेल्या बाईला हे मी काय सांगणार? टाचणवही आठवा. जूनमध्ये नवी कोरी वही : घटक, उपघटक, उद्दिष्टं, शैक्षणिक साहित्य, सगळं ठसठशीत अक्षरात. दिवाळीनंतर गेल्या वर्षीची वही शेजारी उघडी ठेवून उतरवलेलं. मुख्याध्यापकांची सही दोन्हींवर सारखीच. तरी प्रत्येक शाळेत एखाद्या बाई असतात, त्यांच्या टाचणवहीच्या समासात पेन्सिलीने बारीक काहीतरी खरडलेलं असतं. 'लिटमस संपला, जास्वंदीवर भागवलं.' '९ ब ला हे दोनदा सांगावं लागतं, ९ अ ला का नाही?' शाईतलं साहेबांसाठी असतं. पेन्सिलीतलं पुढच्या वर्षीच्या स्वतःसाठी.

तुमच्या मॅडमना तुमच्याकडून ती पेन्सिल हवी आहे. तुम्ही त्यांना शाई पाठवली.

आणि गंमत अशी की पेन्सिल तुमच्याकडे आहे. तुमचं पत्र मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा तुमच्याबद्दल सहानुभूती वाटली, मॅडमबद्दल थोडी जास्त. मग ता. क. वाचलं आणि पत्र खाली ठेवून उठून एक चक्कर मारून आले. ताई, ३०० शब्दांत तुम्ही काही सांगितलं नाहीत आणि त्या चार-पाच ओळींत अख्खा आठवडा ठेवलात. वर 'चांगली बातमी' असं लेबल लावून.

नवजात बाळाचा श्वास घड्याळासारखा चालत नाही. भरभर घेतं, मध्येच क्षणभर थांबतं, पुन्हा भरभर. म्हणून तो पूर्ण एक मिनिट मोजायचा. ६० किंवा त्याहून जास्त आले तर परत एकदा पूर्ण मिनिट, आणि पुन्हा तितकेच आले तर दवाखाना. हे सिस्टरांना झोपेतून उठवून विचारलं तरी त्या सांगतील. आता तुमच्या धड्यात काय झालंय बघा. १५ सेकंदांचं चित्र फिरत राहतं. पहिल्या फेरीत १३ श्वास असतील तर दुसरीतही १३, तिसरीतही १३. तुमचं पडद्यावरचं बाळ हे जगातलं एकमेव बाळ असावं, ज्याचे श्वास चारने गुणले की दर वेळी बरोबर येतात. आशाताईंनी चुकीची पद्धत वापरली, धड्याने शाबासकी दिली आणि पुढच्या स्क्रीनवर पाठवलं. उद्या खऱ्या घरात त्या १५ सेकंदांत बाळ नेमकं थांबून थांबून श्वास घेत असेल तर चारने गुणून ४० येतील, आणि मिनिटाला ६८ श्वास घेणारं बाळ दवाखान्याऐवजी घरीच राहील.

यात चुकलं कोण? नागपूरच्या मुलाने फाइल हलकी ठेवली, कारण आशाताईंचा फोन आणि गावातली रेंज दोन्ही बेताचे. बरोबर केलं. सिस्टरांनी मजकूर बरोबर दिला. प्रश्न बहुधा तुम्ही लिहिलात, 'हे बाळ एका मिनिटात किती श्वास घेतंय?' तोही बरोबर. तीन बरोबर गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या आणि धडा चुकीचा तयार झाला. टीमच्या कामात दगा बहुतेक असाच होतो. एकेकट्याच्या स्क्रीनवर तो दिसत नाही, कारण तिथे सगळं ठीक असतं. तो दिसतो चौघांची कामं एकत्र पसरून कुणी शांतपणे बघितलं तर. ही रविवारची कटकट त्यासाठी आहे, निदान असायला हवी.

तुम्ही ज्या विषयावर धडा करताय त्याच्याच घरातलं एक उदाहरण सांगते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने, गावातल्या दायांना लहान मुलांचा न्यूमोनिया ओळखता यावा म्हणून श्वास मोजायचं एक साधन केलं होतं. दायांना मोठे आकडे मोजणं जमत नसे. मग एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि सरकवायचे मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, की पुन्हा एकपासून. वाळू संपेपर्यंत थांबणं आलंच. चारने गुणायची पळवाट त्या साधनातच नाही. हे साधन सुचण्याआधी कुणीतरी दाईशेजारी बसून बघितलं असणार आणि 'आपण धरून चाललो तसं हिला मोजता येत नाही' हे स्वतःशी कबूल केलं असणार. पुढे त्याच जिल्ह्यातल्या आरोग्यदूतांच्या घरभेटींचा अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. आज तुमच्या आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी बाळ बघायला जातात, त्या वाटेची सुरुवात तिथली आहे. 'आपण काय धरून चाललो होतो?' हा एकच प्रश्न तुम्ही दर रविवारी स्वतःला विचारलात तरी मॅडमचा शेरा बदलेल.

आता तुमचं चौथ्या आठवड्याचं चिंतन. रागावू नका, वहीच तपासतेय. '१८ स्क्रीन पूर्ण केले', ही नोंद आहे, ती ठेवा, पण ती प्रकल्पाच्या तक्त्यातही आहे. 'उत्तम समन्वय होता.' तुमच्याच पत्राप्रमाणे त्यातले ६ स्क्रीन तुम्ही रात्री गुपचूप केलेत, तर समन्वय कुणाचा कुणाशी होता? 'काही तांत्रिक अडचणी.' कुठल्या? वाचणाऱ्याला नाव कळलं तर तो पुढच्या वेळी ती अडचण टाळेल. 'वेळेचं नियोजन सुधारायला हवं' हे वाक्य मी गेल्या २० वर्षांत इतक्या वेळा वाचलंय की ते लिहिणाऱ्याला माझ्यातर्फे एक गजर भेट द्यावा असं वाटतं. आणि 'संवाद महत्त्वाचा असतो' हे तुम्हाला मुलगी बोबडं बोलायची तेव्हापासून ठाऊक आहे. चौथ्या आठवड्यात शिकलात असं लिहिलंत तर मॅडम विश्वास कशाला ठेवतील?

माझ्याही अंगावर हे उलटलेलं आहे. माझ्या सुरुवातीच्या काळातली गोष्ट. पुण्यातल्या एका ई-लर्निंग कंपनीत परदेशातल्या एका बँकेसाठी कॅशिअरचं प्रशिक्षण करत होतो. दर शुक्रवारी क्लायंटला आठवड्याचा अहवाल जायचा, त्यात हिरवा, पिवळा, लाल असे गोल. आमचा गोल सलग नऊ आठवडे हिरवा. बीटा, म्हणजे जवळजवळ तयार कोर्स, दाखवायची वेळ आली आणि बँकेच्या माणसाने शांतपणे सांगितलं, 'ही स्क्रीन आमच्याकडे आता नाही, गेल्या महिन्यात बदलली.' निम्मा कोर्स त्या स्क्रीनवर उभा होता. अशा प्रोजेक्टला आमच्यात कलिंगड म्हणायचे, वरून हिरवं, कापलं की लाल. पुढचे सहा आठवडे रीवर्क, शनिवारी ऑफिस, ते वेगळंच. मला लागलं ते दुसरंच. नंतर एकदा माझी त्या काळातली वही चाळताना दुसऱ्या आठवड्याच्या पानावर कडेला माझ्याच अक्षरात सापडलं : 'स्क्रीन बदलणार??' दोन प्रश्नचिन्हं. विषयतज्ज्ञ फोनवर ओघात बोलून गेले होते, मी टिपलं होतं आणि त्या शुक्रवारी हिरवा गोल पाठवला होता. माझंही ता. क. च होतं म्हणा ना.

तेव्हापासून मी एक गोष्ट करते आणि ती तुम्हाला सांगण्यासाठीच एवढं चऱ्हाट लावलं. चिंतन रविवारी रात्री सुरू करू नका. ते सोमवारी सकाळी सुरू होतं.

तुमच्या अभ्यासक्रमात पहिल्याच महिन्यात 'अ‍ॅडी' (इंग्रजीत ADDIE, धडा तयार करण्याचे पाच टप्पे) शिकवलं असेल : विश्लेषण, आराखडा, निर्मिती, अंमलबजावणी, मूल्यमापन. त्याचा मूळ आराखडा १९७५ मध्ये फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीत अमेरिकी सैन्यासाठी झाला. ती पाच अक्षरं आपल्या धंद्याने देवघरात ठेवली. त्याच सैन्याची दुसरी एक सवय मात्र आपण फारशी उचलली नाही. सराव संपला की सगळे एकत्र बसतात आणि चार गोष्टी विचारतात : काय व्हायचं ठरलं होतं, प्रत्यक्षात काय झालं, फरक का पडला, पुढच्या खेपेला काय करायचं. सगळी गोम पहिल्या प्रश्नात आहे. काय व्हायचं ठरलं होतं हे आधी कुठेतरी लिहिलेलं नसेल तर रविवारी रात्री साडेअकराला ते आठवत नाही. म्हणजे आठवतं, पण झालं त्याच्या मापाने बेतून आठवतं.

मेंदू हे जाणूनबुजून करत नाही. बारूक फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने १९७५ मध्येच एक प्रयोग केला होता. १८१४ च्या इंग्रज आणि गुरख्यांच्या लढाईचं वर्णन लोकांना वाचायला दिलं. काहींना शेवट सांगितला, काहींना नाही. मग विचारलं, यातून काय काय होण्याची शक्यता किती होती? ज्यांना जो शेवट सांगितला होता, त्यांना तोच आधीपासून जास्त संभवनीय वाटला. तुमचंही तसंच होतं. आठवडा संपला की तो तसाच होणार होता असं वाटतं, मग त्यात लिहिण्यासारखं काय उरणार? 'काहीच घडलं नाही' असे तुमचे आठवडे बहुधा असे असतात. घडलेलं असतं, पण ताडून बघायला काही हाताशी नसतं.

तेव्हा सोमवारी चहाबरोबर तीन ओळी. तीनच. या आठवड्यात आपण काय करणार, ते केल्यावर काय होईल असं मला वाटतं, आणि मी काय गृहीत धरतेय. दुसरी ओळ अशी हवी की ती चुकू शकेल. 'आशाताईंना धडा आवडेल' हा अंदाज होत नाही, आशाताई तोंडावर नावडला म्हणणारच नाहीत. 'आशाताई हा भाग सहा मिनिटांत संपवतील आणि कुणालाही मदत लागणार नाही', हा झाला अंदाज. आकडा घाला, माणूस घाला, म्हणजे शुक्रवारी हो किंवा नाही म्हणता येतं. अंदाज चुकला तर खचू नका. शिकवणाऱ्यांना चुकीचं उत्तर वहीत दिसलं की हात आपोआप लाल पेनाकडे जातो, इथे तो आवरा. चुकलेला अंदाज म्हणजे तुमचे ३०० शब्द अर्धे लिहून झाले.

आठवडाभर जे खटकेल ते फोनमध्ये टिपा, किंवा स्वतःलाच व्हॉइस मेसेज पाठवा. वाक्यं नीट नसली तरी चालेल. शुक्रवारी चौघांनी वीस मिनिटं बोला, कॅमेरा बंद असला तरी हरकत नाही. विषय एकच : कुणाचा कुठला अंदाज चुकला. कामांची यादी त्या वीस मिनिटांत आणायची नाही, ती आली की सगळे हुश्श करून यादीवरच बोलतात. मग रविवारी लिहायला पाऊण तास पुरतो आणि १२ च्या ठोक्याशी झटापट राहत नाही.

नुसता उपदेश नको म्हणून तुमच्याच त्या गुरुवारवर लिहून दाखवते. सोमवारचं वाक्य तुमच्या वतीने मी ठोकून दिलंय, तेवढं माफ करा.

'आम्ही असं धरलं होतं की प्रश्नाचं उत्तर बरोबर आलं म्हणजे आशाताईंना श्वास मोजता येतो. गुरुवारी दोघींनी १५ सेकंद मोजून चारने गुणलं आणि दोघींचं उत्तर बरोबर आलं. अ‍ॅनिमेशन १५ सेकंदांचं आहे हे मला माहीत होतं. प्रश्न मीच लिहिला होता. दोन्ही शेजारी ठेवून मी पाहिले नाहीत. सिस्टरांनी सांगितलं तेव्हाही मला आनंदच झाला, कारण उत्तर बरोबर होतं. आमच्या उद्दिष्टात "श्वास मोजण्याचं महत्त्व समजेल" असं आहे. महत्त्व त्यांना आमच्याआधीपासून समजलेलं आहे. ते बदलून "पूर्ण एक मिनिट मोजून नोंद करेल" असं करतोय. फक्त पोटाची हालचाल वेगळी करून ती मिनिटभर अनियमित चालवली तर फाइल किती वाढते, हे बुधवारपर्यंत कळेल. पुढच्या आठवड्याचा माझा अंदाज : पूर्ण मिनिटाचा स्क्रीन दिला तर चारपैकी निदान दोघी मध्येच पुढे जायचं बटण शोधतील.'

शब्द मोजा, ३०० च्या बरेच खाली आहेत. त्यात पश्चात्ताप नाही, हेही बघा. काही जणांना वाटतं चिंतन म्हणजे कबुलीजबाब; दर आठवड्याला स्वतःला जितकं जास्त झोडपू तितके गुण जास्त. मग टीममध्ये कोण जास्त अपराधी याची स्पर्धा लागते. तुम्ही काय पाहिलं नाही हे एका वाक्यात लिहायचं आणि कामाकडे वळायचं. आणि ते 'समजेल' काढलं, ते मुद्दाम. त्या क्रियापदाशी या धंद्याचं वैर जुनं आहे. रॉबर्ट मेगर या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञांनी १९६२ मध्येच सांगून ठेवलंय की उद्दिष्टात बाहेरून दिसेल अशी कृती हवी, ती कुठल्या परिस्थितीत आणि कितपत चांगली, तेही हवं. आपण शाळेत 'विद्यार्थ्यांना समजेल' लिहून पेन्शनीपर्यंत पोचतो, म्हणून हात तिकडे वळतो. माझा अजूनही वळतो.

आता बंगळुरूचे सर. इथे मी तुमची बाजू पूर्ण घेणार नाही.

त्यांनी काम केलं नाही हे चूकच. पण त्यांच्या वाट्याचे ६ स्क्रीन रात्री बसून करून टाकले आणि कुणाला सांगितलं नाही, हे तुम्ही केलंत. वर्गात एखाद्या मुलाची वही अपुरी असली तर तुम्ही घरी नेऊन त्याचा गृहपाठ लिहून दिला असतात का? 'त्यांना वाईट वाटू नये म्हणून' असं तुम्ही म्हणता. मला वाटतं, विचारण्याचा अवघडलेपणा टाळायचा होता, आणि ते मला चांगलं कळतं, कारण मीही त्याच जातकुळीतली आहे. परिणाम काय झाला ते बघा. टीमला वाटतंय चौघं काम करताहेत. सरांना वाटतंय अंगठा टाकला की स्क्रीन आपोआप होतात. मॅडमना वाटतंय समन्वय उत्तम. आठव्या आठवड्यात तुम्ही आजारी पडलात की सगळ्यांना एकदम कळेल, आणि तेव्हा तुमचं ऐकून कुणी म्हणेल, 'मग आधी का नाही बोललात?'

म्हणून आधी फोन. ग्रुपवर नको, मेसेजही नको, फोन. आणि 'तुम्ही काम का करत नाही' असं नको. 'सर, स्क्रीन १३ ते १८ तुमच्याकडे होते, ते मी केले, पण मी तुम्हाला विचारायला हवं होतं. पुढचे तुम्हाला जमणार आहेत का? नसतील तर आत्ता सांगा, आपण वाटणी बदलू.' एवढंच. कदाचित घरी कुणी आजारी असेल. कदाचित त्यांना स्टोरीबोर्ड म्हणजे नक्की काय लिहायचं हेच कळलं नसेल आणि चौघांत ते कबूल करायची लाज वाटत असेल. वय आणि हुद्दा असलेल्या माणसांचं हे फार होतं. कदाचित नुसतेच कामचुकारही असतील. फोनवर कळेल. आणि एक करा, चौघांत ठरवून टाका की अंगठा म्हणजे फक्त 'वाचलं'. काम घेतलं असेल तर 'करतो, बुधवारपर्यंत' असं अक्षरात लिहायचं. निम्मी भांडणं त्या पिवळ्या अंगठ्याची असतात.

चिंतनात काय लिहायचं? जे त्यांना फोनवर बोललात तेवढंच, त्यापलीकडे एक शब्द नाही. चौघांनाही दिसणाऱ्या कागदावर माणसाला पहिल्यांदा काही कळलं तर ती चहाडी. आधी तोंडावर सांगून झालं असेल तर ती नोंद. 'स्क्रीन १३ ते १८ ठरल्या दिवशी आले नाहीत, मी ते न सांगता केले, त्यामुळे सिस्टरांना ते तपासायला एकच रात्र मिळाली. आता वाटणी अशी बदलली आहे.' त्यात 'बेजबाबदार', 'असहकार' असली विशेषणं नकोत. स्क्रीनचा नंबर आणि दिवस पुरे. फोन उचलला नाही, दोनदा-तीनदा उचलला नाही, तर मॅडमना वेगळं, एकट्याने, दोन ओळींत कळवा. ते चिंतनाचं काम नव्हे आणि त्यात गैरही काही नाही. हजेरी घेणं मॅडमचं काम आहे, तुमचं नाही. ते तुम्ही सांगलीला सोडून आलात.

खरोखर रिकाम्या आठवड्यांबद्दल थोडक्यात. कधी विषयतज्ज्ञ दौऱ्यावर असतात, कधी परीक्षा असते, कधी गणपती. तेव्हा चार ओळी लिहा : कशासाठी थांबलो आहोत, थांबल्यामुळे काय घसरेल, तोवर मी काय गृहीत धरून पुढे जातेय. ३०० शब्दांची अट असेल तर मॅडमना सरळ विचारा, चार ओळी चालतील का. मला वाटतं चालतील. दर आठवड्याला वीस-पंचवीस जणांचा 'उत्तम समन्वय' वाचणाऱ्या बाईला चार खऱ्या ओळी म्हणजे उन्हाळ्यातलं कोकम सरबत.

पाचवा आठवडा तुमचा अजून संपलेला नाही. सिस्टरांना म्हणावं, त्या दोघी आशाताईंना पुन्हा भेटता आलं तर धडा दाखवू नका. त्या घरी जातात तेव्हा श्वास कसे मोजतात ते करून दाखवायला सांगा. एका हाताने दुपटं बाजूला करायचं, नजर पोटावर ठेवायची, मग मिनिट कशावर बघतात? फोनवर, भिंतीवरच्या घड्याळावर, की सासूला 'झालं का मिनिट' विचारतात? तुमच्या स्क्रीनवर घड्याळ आणि बाळ शेजारी शेजारी काढलं असेल, त्या घरात ते तसं नसणार.

आणि सरांना फोन आज करा. रविवारी ते अंगठ्याच्या तयारीत असतील.